दंडातला उंदीर

आपल्या लासूर स्टेशनच्या मार्केटात कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालाचा दंड कधी जवळून पाहिलात का, पोरांनो? कोपर दुमडलं की कातडीखाली काहीतरी सरकतं, गोळा होतं आणि टरारून वर येतं. हात सैल सोडला की सपाट! आपण त्याला बेडकुळी म्हणतो. जुन्या रोमन लोकांना मात्र तिथं उंदीर दिसला. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे 'मूस', आपल्या गणपतीच्या मूषकाचा भाऊबंद. त्याला 'कुलुस' जोडलं की तो लहान होतो. 'मुस्कुलुस' म्हणजे छोटुकला उंदीर. इंग्रजीतला मसल तो हाच.

पण हा उंदीर फुगतो कसा? शेकडो वर्षं मोठमोठे वैद्य सांगत आले, की मज्जातंतूंमधून एक सूक्ष्म वारा येतो आणि स्नायूला पखालीसारखा फुगवतो. १६६०च्या दशकात हॉलंडमधल्या यान स्वामरडामनं हे तपासून पाहिलं, तेही बेडकावर! बेडकाचा स्नायू त्यानं काचेच्या नळीत बंद केला, नळीच्या बारीक तोंडाशी पाण्याचा थेंब ठेवला आणि मज्जातंतू ओढून स्नायू आखडवला. आत वारा भरला असता तर थेंब वर चढला असता. तो चढला नाही. स्नायूत बाहेरून काहीच भरत नाही. तो आखूड होतो म्हणून जाड होतो. एवढ्याशा थेंबानं केवढा जुना समज मोडला!

आणखी एक. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मग हमाल हातगाडी लोटतो कशी? दंडामागचा स्नायू आखडतो आणि कोपर सरळ करतो.

दंडाच्या पुढच्या बाजूच्या स्नायूचं नाव बायसेप्स. 'बि' म्हणजे दोन, 'कापुत' म्हणजे डोकं. वरच्या बाजूला त्याचे दोन फाटे होतात आणि दोन्ही खांद्याच्या फऱ्याला धरून असतात. खालचं टोक कोपराच्या पुढं, अंगठ्याकडच्या हाडाला. म्हणून तो तळहातही वळवतो. कोपर दुमडा, दंडावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवा आणि पालथा तळहात उताणा करा. बेडकुळी बोटांखाली टणक होईल.

त्या नावातला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही बरं. लॅटिनमध्ये अनेकवचन 'बिकिपितेस' होतं. तेव्हा जिममध्ये कुणी एका दंडाला 'बायसेप' म्हणालं, तर त्याला सांगा, एकालाही बायसेप्सच म्हणायचं.