युबारी : कोळसा संपलेलें शहर

जपानच्या उत्तरेस होक्कायदो बेटावर, डोंगरांमधील अरुंद खोऱ्यांत, युबारी नांवाचें एक लहानसें शहर आहे. १८८८ सालीं तेथें दगडी कोळशाचा जाड थर आढळला आणि दोनच वर्षांनीं खाण सुरू झाली. पोलादाच्या कारखान्यांस लागणारा कोक करण्यास हा कोळसा उत्तम असल्यामुळें खोऱ्यांतील वस्ती सारखी वाढत गेली. १९६० मध्यें ती एक लाख सोळा हजारांवर गेली होती. सपाट जागा थोडी, म्हणून कामगारांच्या चाळी डोंगराच्या उतारावर एकीवर एक चढत गेल्या. महायुद्धाच्या काळांत कोरियांतून सक्तीनें आणलेल्या मजुरांनींहि येथें कोळसा खणला. शहराच्या भरभराटीचा हिशेब मांडतांना ही बाब वगळतां येणार नाहीं.

युबारींत राहतें घर कंपनीचें, नळ कंपनीचा, आणि आजारी पडल्यास रुग्णालयहि कंपनीचेंच. पुढें जें घडलें त्याचें मर्म या व्यवस्थेंत आहे.

येथील कोळसा जितका उत्तम तितकाच घातकी. त्याच्या थरांत मिथेन वायु कोंडलेला असतो, आणि खाण जसजशी खोल जाते तसतसा त्याचा दाब वाढतो. खणतां खणतां हा दाब एकाएकीं मोकळा झाला, कीं कोळशाच्या भुकटीसह वायु बोगद्यांत उसळतो; मग एक ठिणगी पुरे. १६ ऑक्टोबर १९८१ रोजीं ‘नवी युबारी’ खाणींत असाच उद्रेक होऊन मागाहून आग लागली. आग आटोक्यांत येईना, तेव्हां खाणींत पाणी सोडण्यावांचून उपाय नाहीं असें कंपनीनें ठरविलें. त्या वेळीं आंत अडकलेल्या ५९ माणसांचा पत्ता लागलेला नव्हता. तीं जिवंत नाहींत असें कोणीहि छातीवर हात ठेवून सांगूं शकत नव्हतें, आणि संमति मागावयाची होती ती त्यांच्याच बायकामुलांकडे! अखेर पाणी सोडलें गेलें. त्या अपघातांत एकंदर ९३ माणसें दगावलीं. कंपनीचें दिवाळें निघालें व पुढल्याच वर्षीं ती खाण बंद झाली. शहरांतील शेवटची खाण १९९० मध्यें बंद पडली.

कंपन्या गेल्या तरी माणसें मागें राहिलीं होतीं. त्यांचीं घरें, नळ आणि रुग्णालय कोणीतरी चालविणें भाग होतें. तें ओझें नगरपालिकेनें विकत घेतलें. प्रवाशांच्या पैशावर शहर जगवावें या आशेनें कोळशाचें संग्रहालय, करमणुकीचें उद्यान, चित्रपटमहोत्सव असे उद्योगहि तिनें आरंभिले. प्रवासी पुरेसे आले नाहींत. वर्षअखेरीस एका खात्यांतून दुसऱ्यांत रकमा फिरवून तूट झांकण्याची चाल पडली, आणि २००६ सालीं सारें उघडकीस आलें तेव्हां सुमारें साडेतीन हजार कोटि येनचें कर्ज तेरा हजार लोकांच्या माथीं बसलेलें होतें. उद्यानाच्या उधळपट्टीस टीकाकार हंसले. झांकाझांक अक्षम्य होती हें खरें. परंतु या कर्जाचा मोठा वांटा कंपन्यांनीं टाकून दिलेल्या संसाराचा होता, हें ते बहुधा सांगत नाहींत.

२००७ पासून शहराचा कारभार सरकारी देखरेखीखालीं चालला. नोकरवर्ग निम्म्यावर आला, त्यांचे पगार कापले गेले, ग्रंथालय बंद झालें, प्राथमिक शाळा एकच उरली. १७१ खाटांच्या रुग्णालयाच्या जागीं १९ खाटांचा दवाखाना झाला. साहजिकच तरुण कुटुंबें निघून गेलीं. २०२० च्या शिरगणतींत वस्ती साडेसात हजारांच्याहि खालीं आली, आणि तींत निम्म्याहून अधिक लोक पासष्टी ओलांडलेले होते.

युबारीचीं खरबुजें मात्र जपानभर नांवाजलेलीं आहेत. २०१९ सालीं सप्पोरोच्या लिलावांत त्यांच्या एका जोडीस पन्नास लाख येन मिळाले. त्याच वर्षीं, कोळसा वाहण्यासाठीं घातलेल्या मार्गावरील युबारीची रेल्वे प्रवासी नाहींत म्हणून बंद झाली. ज्या चाळींत दोनतीनच बिऱ्हाडें उरलीं तेथेंहि हिंवाळ्यांत बर्फ उपसावें लागतें आणि नळ गोठूं न देण्याची काळजी घ्यावी लागते. म्हणून अशा बिऱ्हाडांना शहराच्या मध्यावरील शिमिझुसावा भागांत आणून वसविण्याचें काम नगरपालिकेनें हातीं घेतलें. कर्जफेडीची मुदत २०२६ या हिशेबी वर्षापर्यंत ठरविण्यांत आली होती.