दौलताबादचा घाट, मामांची ट्रॅव्हलर आणि गिअरबॉक्सची निवड

तिसऱ्या वर्षाला ‘ट्रान्समिशन’चे युनिट आले तेव्हा आपण सगळ्यांनीच गिअर रेशोचे सूत्र पाठ केले, पेपरात लिहिले आणि विसरून गेलो. मीही विसरलो होतो. पण दिवाळीच्या सुटीत घरी गेलो आणि ते सूत्र पुन्हा अंगावर आले.

घर म्हणजे दौलताबाद. किल्ल्याच्या पायथ्याशी मामांची पेरू आणि सीताफळांची गाडी लागते. मामांनी आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्या टुरिस्टांना फळे विकली, स्वतः मात्र कुठे फिरले नाहीत. आता त्यांच्या डोक्यात खूळ शिरले आहे (मामी असेच म्हणते!). एका शाळेने काढून टाकलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर त्यांनी घेतली आणि तिचे चालते घर करायला काढले. आत प्लायवूडचा पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. पंढरपूर, कोकण, जमले तर थेट कन्याकुमारी.

अडचण दोन ठिकाणी होती. शाळेच्या फेऱ्यांनी गिअरबॉक्स दमला होता, दुसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज व्हायचा. आणि मामांचा डावा गुडघा दुखतो, म्हणजे नेमका क्लचचा पाय. गॅरेजवाल्या एकाने सल्ला दिला, “मामा, भंगारातल्या विदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून देतो, क्लचची कटकटच मिटली.” मामांनी मला विचारले, “इंजिनिअर, तू सांग. पैसे एकदाच आहेत.”

थोडी गाडीची ओळख. ट्रॅव्हलर १९८७ मध्ये बजाज टेम्पोने आणली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. गाडीचा साचा मर्सिडीजच्या व्हॅनचा, जुन्या गाड्यांचे २.४ लिटरचे डिझेल इंजिनही मर्सिडीजच्याच परवान्याने बनलेले. टर्बो नाही. इंजिन दणकट, पण ताकद बेताची, साधारण सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. अशा इंजिनामागे कोणती पेटी आहे यावर सगळा खेळ ठरतो.

मी वहीत हिशेब मांडला. चढ एकास बारा धरला, टॉर्क १३५ न्यूटन-मीटर, चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, क्राऊन-पिनियनचा रेशो ४.९, कार्यक्षमता ८८ टक्के. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. गाडी २५०० किलोची असेल तर चढाचा आणि टायरचा विरोध मिळून सुमारे २४०० न्यूटन होतो. तेवढी ओढ द्यायला गिअरबॉक्सचा रेशो १.४५ लागतो. तिसरा गिअर १.५ चा असेल तर गाडी जेमतेम तिसऱ्यावर चढते.

आता पलंग, टाकी, शंभर लिटर पाणी, बॅटरी, सिलिंडर, मामीची भांडी असे ५०० किलो वाढवा. विरोध २९०० न्यूटनवर जातो आणि लागणारा रेशो १.७४ होतो. तिसरा कमी पडला! दुसरा घ्यावा लागणार, आणि दुसरा २.६ चा असेल तर ३००० आरपीएमला वेग ताशी फक्त ३१ किलोमीटर. म्हणजे ज्या दुसऱ्या गिअरची वाट लागली आहे, खुलताबादचा घाट आणि पुढे म्हैसमाळचा चढ त्याच गिअरवर काढायचा आहे. मला तर वाटते कॅम्पर करणाऱ्याने गिअरबॉक्सच्या आधी वजनकाट्यावर जावे.

क्राऊन-पिनियन बदलून जास्त रेशोचा घातला तर तिसऱ्यावर चढता येईल. पण मग सगळेच गिअर खाली येतात. आज पाचवा ०.८ धरला तर ताशी ७० ला इंजिन २१०० आरपीएमच्या जवळ फिरते. रेशो वाढला की तेही वाढणार, आवाज वाढणार, डिझेल जास्त जाणार. कन्याकुमारी लांब आहे, घाट रोजचा नाही. म्हणून तो मार्ग सोडला.

ऑटोमॅटिकबद्दल माझे मत आधी चांगले होते. जर्मनीत १९७९ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनवर वेस्टफालियाने कॅम्पर बनवल्या, त्यांत चार गिअर, पाच गिअर आणि तीन गिअरची ऑटोमॅटिक असे सगळे पर्याय होते. म्हणजे कॅम्परला ऑटोमॅटिक चालतच नाही असे नाही. टॉर्क कन्व्हर्टर गाडी उठवताना टॉर्क वाढवूनही देतो. पण तो घसरतो तेव्हा ताकद तेलात उष्णता होऊन जाते. जड गाडी, लांब चढ, कमी वेग, म्हणजे वेगळा ऑइल कूलर हवाच. आपले इंजिन आधीच अशक्त, त्यात ही गळती कशाला? शिवाय आडगावात बंद पडली तर साधी पेटी कुठलाही मेकॅनिक उघडतो. आणि दुसऱ्या जातीची पेटी बसवायची तर कागदांचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. पलंग ठोकण्याआधीसुद्धा आरटीओत विचारून घ्यावे.

पण खरा मुद्दा उताराचा. गेल्या वर्षी मामा खुलताबादहून रिकामी गाडी घेऊन उतरत होते. डिझेल वाचवायचे म्हणून न्यूट्रल! दिल्ली दरवाजाच्या अलीकडे ब्रेकचा पेडल मऊ लागला, खाली खाली जायला लागला. हँडब्रेक ओढून, गाडी कडेच्या मातीत घालून थांबवली. मामी शेजारी बसलेली होती. तिने दोन दिवस कोणाशी बोलणे केले नाही. ब्रेक तापून निकामी होत होते, कारण सगळे वजन एकट्या ब्रेकवर आले होते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले असते तर इंजिनाने गाडी धरली असती. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये ही पकड त्या तेलातूनच येते, म्हणून ढिली पडते. घरी हे पटवायला मला सूत्र लागले नाही, मामीनेच मत दिले.

शेवटी मूळ पाच गिअरचीच पेटी उघडली. दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली होती, बेअरिंगही गेलेले. ते बदलले. गुडघ्याचे काय? क्लच प्लेट खाली उतरवली तर ती घासून संपत आलेली! प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होतो, हे मला तेव्हा कळले. पुस्तकात कुठेतरी असेल. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट आणि लिंकेजला ग्रीस, एवढ्यावर पेडल इतका हलका झाला की मामा पहिल्यांदा दाबून म्हणाले, “अरे, काही तुटलं का?”

आता शेगडी बसवायची राहिली आहे. मामीला तिथे पाट्यासकट वरवंटा हवा आहे. मी म्हटले मिक्सर घ्या, पाटा दहा-बारा किलोचा असतो. ती ऐकत नाही. पुढच्या सुटीत गाडी वजनकाट्यावर नेणार आहे, पाट्यासकट.