‘बरी आहे’ म्हणजे कितपत बरी?

जून-जुलै उजाडला की घरोघरी कॉलेजची धांदल सुरू होते. प्रवेशाचे अर्ज, फीची जुळवाजुळव, वसतिगृहातली खोली, बरोबर द्यायचा चिवड्या-लाडवांचा डबा, एक ना दोन! मुलगी पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला पोचती झाली की मग उरतो तो रोजचा फोन. “कशी आहेस ग?” “बरी आहे.” “जेवलीस का?” “जेवले.” “झोपतेस ना वेळेवर?” “हो ग आई!” संपलं संभाषण. आपण निर्धास्त होतो, आणि ती पुन्हा आपल्या व्यापाला लागते.

आता हाच प्रश्न अनेक विद्यापीठं आणि कॉलेजंही विद्यार्थ्यांना विचारू लागली आहेत. फक्त जरा पद्धतशीरपणे. वर्षातून एखाद्या वेळी मुलांच्या हाती एक प्रश्नावली पडते, बहुधा मोबाइलवरच. तुम्ही किती तास झोपता? सकाळचा नाश्ता करता का? पाळी नियमित येते का? तंबाखू, दारू यांची सवय आहे का? एकटं वाटतं का? अडचण आली तर बोलायला कुणी आहे का? घरी आईबापांना हे कळलं की पहिला प्रश्न येतो, “या नसत्या चौकशा हव्यात कशाला?”

वाचक भगिनींनो, या चौकशा नसत्या नाहीत. पण त्या कशा केल्या जातात आणि पुढे त्यांचं काय होतं, याकडे मात्र आपलं लक्ष हवं.

पाच वाक्यं आणि एक बेरीज

मनाच्या स्वास्थ्याची मोजदाद करायची तरी कशी? तापाला थर्मामीटर असतो, मनाला कुठला लावणार? तरीही डॉक्टरांनी काही साध्या पट्ट्या तयार केल्या आहेत. त्यांतली एक जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पाचच वाक्यं. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटत होतं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटत होतं का, आणि रोजच्या दिवसात गोडी वाटावी असं काही होतं का. प्रत्येक वाक्याला शून्य ते पाच गुण द्यायचे, बेरीज करायची आणि तिला चाराने गुणायचं. समजा एखाद्या मुलीची बेरीज नऊ आली, तर गुण झाले ३६. पन्नासच्या खाली गुण गेले, की या मुलीकडे अधिक लक्ष द्यायला हवं अशी ती खूण समजायची. रोगाचं निदान मात्र नव्हे. ते डॉक्टरांचं काम.

दुसरी एक प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. ती नैराश्याची लक्षणं विचारते. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, स्वतःला कमी लेखणं. तीही गेल्या दोन आठवड्यांचंच विचारते. कारण उघड आहे. पेपर वाईट गेला त्या संध्याकाळी कुणाचंही मन उदास असणार. पण पंधरा दिवस उलटले, तरी मळभ हटत नसेल, तर तो निव्वळ मूड नव्हे.

यात भाषेचीही एक मेख आहे. ‘तुम्हाला नैराश्य आलं आहे का?’ असं छापील विचारलं, तर आपल्या किती मुली ‘हो’ म्हणतील? त्या म्हणतात, “डोकं जड झालंय,” “टेन्शन आलंय,” “कशात मनच लागत नाही,” “नुसतं बोअर होतंय.” इंग्रजी प्रश्नावली जशीच्या तशी मुलांपुढे टाकली, तर खेड्यातून आलेली मुलगी अंदाजाने खुणा करून मोकळी होईल. प्रश्न तिच्या बोलीत हवेत, तर उत्तर तिच्या मनातलं येईल.

आकडे काय सांगतात?

२०१८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ देशांतल्या १९ कॉलेजांमधले पहिल्या वर्षाचे १३,९८४ विद्यार्थी तीत होते. आपला देश त्यांत नव्हता. उत्तरांवरून असं दिसलं, की साधारण तिघांतल्या एकाला मागच्या वर्षभरात चिंता, नैराश्य किंवा व्यसन यांसारखा एखादा मानसिक विकार असण्याची चिन्हं होती. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक बाकावर तिघं बसत असतील, तर बाकागणिक एकजण!

आपल्याकडचे आकडे वेगळ्या वाटेने येतात, आणि ते जास्त जिव्हारी लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सगळ्यांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. यांतल्या कितीतरी मुलामुलींनी आदल्या आठवड्यात घरी ‘बरा आहे,’ ‘बरी आहे,’ असंच सांगितलं असेल.

शरीराच्या तब्येतीचंही तसंच. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासलं गेलं. देशात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५४ टक्के. यांतल्या पुष्कळ जणींना नुसतं ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं असतं, तर त्यांनी ‘चांगली’ म्हटलं असतं. दम लागणं, चक्कर येणं, वाचताना डोळे मिटणं हे त्यांना आपलं नेहमीचंच वाटतं. म्हणून चांगल्या पाहणीत प्रश्नांच्या जोडीला रक्ताची तपासणीही हवी. बाराच्या खाली हिमोग्लोबिन असेल, तर मुलगी ‘आळशी’ नाही, ती अशक्त आहे.

नाव लिहायचं की नाही?

अशा पाहणीत खरी कसोटी असते ती विश्वासाची. आपलं उत्तर वर्गशिक्षकांच्या, वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या किंवा घरच्यांच्या हाती पडेल अशी शंका आली, की मुलं सोयीची उत्तरं लिहितात. म्हणून पुष्कळ प्रश्नावल्यांवर नाव विचारत नाहीत. नाव नाही म्हटल्यावर लेखणी मोकळी होते. घरी आईला न सांगितलेली गोष्टही कागदावर उतरते.

पण यातच मोठा पेच आहे. त्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न, मरून गेलेलं बरं असे विचार मनात येतात का, असा आहे. एखाद्या मुलीने तिथे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली आणि कागदावर नावच नसेल, तर तिच्यापर्यंत पोचायचं कसं? पाहणी करणाऱ्यांच्या हाती आकडा येतो, मुलगी मात्र हातची निसटते.

असा प्रश्न विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही भीती अनुभवाने आणि अभ्यासाने खोटी ठरली आहे. उलट, कुणी विचारलं म्हणून मन हलकं होतं. मात्र विचारणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही, सुरू होते. एक तर नाव घेऊन ते फक्त समुपदेशकापाशी गुप्त ठेवावं आणि तसं मुलांना आधीच स्पष्ट सांगावं. नाहीतर नाव न घेता, त्याच पानावर ‘आत्ता बोलायचं असेल तर इथे या, या नंबरवर फोन करा’ हे ठळक छापावं. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर. फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर तुमच्या घरातल्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्रश्नावली जाते ती कॉलेजच्या ग्रुपवर, आणि भरतात ती नियमित येणारी मुलं. जी महिनाभर वर्गात फिरकलीच नाही, जी फी थकली म्हणून घरी परतली, जी पहाटेची एस.टी. पकडून येते आणि तास संपताच धावत स्टँड गाठते, तिची खूण त्या कागदावर बहुधा नसतेच. आणि काळजी करावी अशी तीच असते! तेव्हा ‘आमची मुलं मजेत आहेत’ असा निष्कर्ष कुणी सांगितला, तर किती मुलांनी उत्तरं दिली आणि किती राहिली, हे अवश्य विचारावं.

घरच्यांनी काय करावं?

मुलगी घरी असताना प्रश्नावली आली, तर तिच्या मागे उभं राहून वाचू नका. “काय लिहिलंस ग?” असंही विचारू नका. तिला खोलीचं दार लावून निवांत भरू द्या. तिने आपण होऊन सांगितलं, तर मधे न बोलता ऐका. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी गिळून टाका. फोनवर ‘कशी आहेस?’ ऐवजी ‘काल किती वाजता झोपलीस? मेसमध्ये काय होतं? या आठवड्यात कुणाशी गप्पा झाल्या?’ असं बारीक बारीक विचारा. हो-नाहीत उडवता येणार नाही, असा प्रश्न हवा.

रक्त कमी निघालं, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्यायलाच हव्यात. जोडीला अळिवाचे लाडू, कडधान्यं, पालेभाज्या आणि जेवताना लिंबाची फोड. जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आणि कॉलेजांनी?

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांमधल्या आत्महत्या आणि विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य यांचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. या दलाने विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसाठी आणि पालकांसाठीही प्रश्नावल्या काढल्या. त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने आणखी एका निकालात सांगितलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तेव्हा ही काही मेहेरबानीची मागणी राहिलेली नाही. पालकसभेला जाल, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर एवढं विचारून या:

१. पाहणी कुणी केली, आणि उत्तरं कुणाच्या हाती गेली?
२. किती मुलांनी उत्तरं दिली? न आलेल्या मुलांची चौकशी केली का?
३. प्रश्न मराठीत होते का?
४. गंभीर उत्तर देणाऱ्या मुलापर्यंत कोण पोचलं, आणि किती दिवसांत?
५. मागच्या पाहणीनंतर कॉलेजात काय बदललं? समुपदेशक आले का, मेसचं जेवण सुधारलं का, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. वजन केल्याने मूल बाळसं धरत नाही, त्याला खाऊ घालावं लागतं. मुलांनी विश्वासाने मनातलं लिहून दिलं आणि ते कागद कपाटात बंद झाले, तर पुढच्या वर्षी तीच मुलं सगळ्या प्रश्नांपुढे ‘बरं आहे’ अशी खूण करून मोकळी होतील. मग त्यांच्या मनातलं आपल्याला पुन्हा कळायचं नाही.