मोबाइलवरचा भडक अभिनय : हसण्यावारी नेऊ नका!

मोबाइलवर उभ्या पडद्याची नाटुकली बघण्याचे वेड आता आमच्या शिरूर कासार तालुक्यातही घरोघर शिरले आहे. दीड-दोन मिनिटांचा एक भाग, आणि असे ६०-७०, कधी १०० भाग. एका भागाच्या शेवटी कानाखाली बसलेली चपराक, दुसऱ्याच्या शेवटी फाडलेला कागद, तिसऱ्याच्या शेवटी दारात येऊन थांबलेली मोटार. ऊसतोडीला गेलेली आमची माणसे कारखान्याच्या तळावर, कोपीत, कोयता बाजूला ठेवला की हेच बघतात. गावी राहिलेल्या म्हाताऱ्याही हेच बघतात. आणि कॉलेजात जाणारी मुले त्यांना हसतात. “माय, काय ही ओव्हरॲक्टिंग बघायलीस!” हे वाक्य आम्ही परवा एकाच आठवड्यात तीन घरांत ऐकले.

या हसण्याबद्दलच आम्हाला दोन शब्द लिहायचे आहेत. शिकलेला मुलगा आईच्या आवडीला अडाणीपणा ठरवतो, तेव्हा तो केवळ एका नाटुकल्याला नावे ठेवत नाही. ज्या कलेने त्याच्या आज्या-पणज्याला शहाणे केले, तिलाही तो नकळत नावे ठेवतो.

तमाशाचा फड जत्रेत उघड्या मैदानावर लागे. पुढे हजार-दोन हजार माणसे, मागे पाळणे, पिपाण्या, पोरांची रडारड. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसाला राग कळावा म्हणून नटाला अख्ख्या अंगाने रागवावे लागे. गवळणीतली मावशी कमरेवर हात ठेवी तो कोपर दूरवरून दिसावे असा. सोंगाड्याची भुवई चढली की मैदान हसे. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात रंगवलेले हवालदार लोकांनी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले, ते काही हळू बोलण्यामुळे नव्हे! भडकपणा ही तेथे गरज होती आणि तिच्यातूनच कसब तयार झाले.

सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हेच कसब उचलले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव जलसे करीत. करणारे कष्टकरी, बघणारेही कष्टकरी. दारूडा नवरा, व्याज खाणारा सावकार, अंगात आणणारा भगत ही सगळी पात्रे मुद्दाम फुगवून दाखवावी लागत. सावकार खऱ्या सावकाराइतकाच गोड बोलला असता तर वस्तीतल्या माणसाला त्याचे सोंग कळले असते काय? कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या नावाचे पुस्तकच लिहून ठेवले आहे. आमच्या तरुणांनी ते मिळवून वाचावे.

आता कोणी म्हणेल, मोबाइल तर हातभर अंतरावर असतो, तेथे ओरडायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. पण अंतर डोळ्याचे नसते, लक्षाचे असते. कोपीत चूल पेटलेली, लेकरू मांडीवर, शेजारी ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. तिकडे अंगठा तर पुढचे चित्र ओढायला टपलेलाच. अशा माणसाचे लक्ष मैदानातल्या शेवटच्या रांगेइतकेच दूर असते. शिवाय पडदा उभा आणि अरुंद. त्यात बंगला मावत नाही, माणसांचा घोळका मावत नाही. मावतो तो एक चेहरा. म्हणून डोळे, भुवया, ओठ यांनाच सगळे काम करावे लागते. चित्रण इतक्या घाईने होते, की अख्खी मालिका आठ-दहा दिवसांत उरकतात. मोठ्या चित्रपटात नटाला दुःख हळूहळू साठवायला अर्धा तास मिळतो. येथे दहा सेकंदांत आधी अपमान, मग संताप, मग डोळ्यांत पाणी. हे सगळे स्पष्ट वेगवेगळे दाखवणे सोपे आहे असे ज्याला वाटते, त्याने आरशासमोर उभे राहून एकदा करून पाहावे!

अर्थात सगळाच आरडाओरडा अभिनय नव्हे. पारख करायची एक साधी युक्ती आम्ही घरच्या मुलांना सांगतो. आवाज पूर्ण बंद करून एक भाग पाहा. नुसत्या चेहऱ्यावरून गोष्ट कळली तर नट कसलेला. धडाडधूम संगीत गेल्याबरोबर चेहरा कोरा दिसू लागला तर नट कच्चा. निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून पुढे आले. त्यांचा खलनायक बघून बायाबापड्या बोटे मोडीत. त्याच नटाने ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये पत्रकार दिगू टिपणीस किती संयमाने उभा केला! भडक आणि संयत ही एकाच पेटीतली दोन हत्यारे आहेत.

आमची खरी तक्रार अभिनयाबद्दल नाही, गोष्टीबद्दल आहे. हा धंदा चीनमध्ये वाढला. २०२४ साली तेथे या नाटुकल्यांची उलाढाल सुमारे ५० अब्ज युआन झाली आणि चित्रपटगृहांच्या गल्ल्याच्याही पुढे गेली. तेथून ‘रीलशॉर्ट’सारख्या ॲपमार्फत तो अमेरिकेत पसरला. आपल्याकडे ‘कुकू टीव्ही’सारखी ॲप आली. गोष्ट मात्र सगळीकडे बहुधा एकच. ज्याला नोकर समजून लाथाडले, तो शेवटी कोट्यधीशाचा वारस निघतो आणि लाथाडणारे त्याच्या पाया पडतात. आमच्या आयाबहिणींना हे का आवडते ते आम्ही जाणतो. मुकादमाने चारचौघांत अंगावर ओरडावे आणि उचल घेतलेली म्हणून खाली मान घालून ऐकून घ्यावे, हे ज्यांनी सोसले, त्यांना त्या एका चपराकीचा जबाब बघून बरे वाटणारच. ते बरे वाटणे खोटे नाही.

पण बघता बघता एक प्रश्न घरात जरूर विचारावा : तो वारस निघालाच नसता तर? खरोखरच नोकर असता, तर त्याला लाथाडणे बरोबर होते काय? जलशातला गरीब शेवटपर्यंत गरीबच असे. तो सावकाराला निरुत्तर करी तो हिशेबाने आणि अकलेने. अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांतही कामगाराच्या मानासाठी लपलेला खजिना बाहेर काढावा लागत नाही. मुलांनी आईला हसण्याऐवजी शेजारी बसून हा प्रश्न काढला, तर आई काय उत्तर देते ते ऐकण्यासारखे असते. एका माउलीने आम्हाला पटकन सांगितले, “वारस निघाल्याबिगर त्यायला माणूस दिसतच नाही का?”

पैशाचेही सांगितले पाहिजे. पहिले काही भाग फुकट असतात, चपराकीच्या जागी नेमके कुलूप लागते. काही ठिकाणी सुरुवातीला रुपया-दोन रुपये मागतात आणि त्याच वेळी खात्यातून पुढे आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेतली जाते. ॲप काढून टाकले म्हणून ही परवानगी रद्द होत नाही. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे दिले, त्यात ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो. तेथे जाऊन ती रद्द करावी लागते. कोपीत बसलेल्या आईला हे जमणार नाही. ओव्हरॲक्टिंग म्हणून हसणाऱ्या मुलाने तिचा मोबाइल हातात घेऊन आज रात्रीच एवढे पाहावे.