कृत्रिम सांध्यांची झीज

कृत्रिम सांध्यांची झीज : संधिवात, अस्थिभंग किंवा अस्थीचा रक्तपुरवठा खंडित होणे अशा कारणांनी निकामी झालेला खुबा, गुडघा वा अन्य सांधा काढून त्या जागी धातू, प्लॅस्टिक अथवा मृत्तिका पदार्थ यांचा सांधा बसवितात. अशा सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून त्यांतील द्रव्य सूक्ष्म कणांच्या रूपाने सुटत राहते. या क्रियेस झीज म्हणतात. यंत्रातील बेअरिंग झिजले की ते सैल होते आणि बदलावे लागते. शरीरातील सांध्याची गोष्ट निराळी आहे. तेथे पृष्ठभाग किती पातळ झाला यापेक्षा सुटलेल्या कणांचे शरीर काय करते, यावर सांध्याचे आयुष्य बव्हंशी ठरते. जंतुसंसर्ग, सांधा निखळणे व रोपणाभोवतीचे हाड मोडणे ही अपयशाची इतर प्रमुख कारणे होत. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

भार व गती : सपाट जमिनीवर चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो, म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलागणिक १५० ते १८० किग्रॅ. भार पडतो. प्रयोगशाळेत एका वर्षाच्या चालण्याबद्दल सामान्यतः १० लक्ष आवर्तने धरतात. नैसर्गिक सांध्यातील उपास्थी जिवंत ऊतक असून संधिद्रवामुळे तिचे घर्षण अत्यल्प असते. कृत्रिम पृष्ठभागाला यांपैकी संधिद्रवासारख्या द्रवाचे वंगण तेवढे मिळते. झिजलेला भाग भरून काढण्याची सोय त्याला नसते.

चाचणीसाठी सांध्याच्या हालचालींचे अनुकरण करणारी यंत्रे वापरतात. त्यांत वंगण म्हणून वासराच्या रक्तरसाचा विद्राव घालतात, कारण पाण्यात मिळणारे निष्कर्ष दिशाभूल करणारे ठरतात. आरंभीच्या यंत्रांत घर्षण एकाच रेषेत पुढेमागे होत असे आणि पॉलिएथिलिनाची झीज प्रत्यक्षाहून फारच कमी दिसे. एका दिशेने घासल्यास पृष्ठभागावरील रेणूंच्या साखळ्या त्याच दिशेने ओळीत लागून अधिक बळकट होतात. चालताना मात्र घर्षणाचे मार्ग एकमेकांना छेदतात आणि या ओळी आडव्या तुटतात. ही गोष्ट ध्यानी येण्यास बरीच वर्षे लागली.

चार्नली यांचे कार्य : आधुनिक कृत्रिम खुब्याचे जनक ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली (१९११–८२) यांनी इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात प्रथम टेफ्लॉनची खोबण वापरली. टेफ्लॉनचे घर्षण फार कमी असल्याने ही निवड तर्कशुद्ध वाटत होती आणि रुग्णांना पहिल्याने विलक्षण आराम पडला. दोनतीन वर्षांतच खोबणी झिजून गेल्या व सांध्याभोवती टेफ्लॉनच्या कणांनी भरलेला, पनीरासारखा राप जमू लागला. सुमारे ३०० रुग्णांना हे सांधे बसविले गेले होते; त्यांतील बहुतेकांवर चार्नली यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हा धडा त्यांनी येथे घेतला. ऊतकांची प्रतिक्रिया पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉनचे व नव्या प्लॅस्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी झाल्या, दुसऱ्या जागी विशेष काही झाले नाही. हे नवे प्लॅस्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन होय. कापडगिरण्यांच्या यंत्रांतील दंतचक्रांसाठी ते विकले जात असे आणि १९६२ मध्ये ते एका विक्रेत्यामार्फत रुग्णालयाच्या कर्मशाळेत पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलादी गोळा व पॉलिएथिलिनाची खोबण असलेला सांधा प्रथम वापरण्यात आला. ही जोडी पुढे कित्येक दशके जगभर प्रमाण मानली गेली. भारतात संधिरोपणाचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे अस्थिशल्यचिकित्सक के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रभागी आहे.

कणांमुळे होणारा अस्थिक्षय : पॉलिएथिलिनाची खोबण वर्षाला सुमारे ०·१ मिमी. झिजते. हा वेग क्षुल्लक वाटतो, परंतु त्यातून दर पावलाला लक्षावधी कण सुटू शकतात आणि त्यांपैकी पुष्कळ एका मायक्रॉनपेक्षाही (मिमी.च्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात. शरीरातील भक्षककोशिका त्यांना जंतूंप्रमाणे गिळतात, पण पचवू शकत नाहीत. डिवचल्या गेलेल्या या कोशिकांतून जी रासायनिक द्रव्ये बाहेर पडतात त्यांमुळे हाड विरघळविणाऱ्या कोशिका उद्दीपित होतात. परिणामी सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाऊन रोपण सैल होते. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या या पोकळ्यांचे कारण रोपण पक्के करणारे अस्थिसिमेंट असावे, अशी १९७० नंतरच्या काळात समजूत होती. सिमेंटविना बसविलेल्या सांध्यांभोवतीही तशाच पोकळ्या आढळल्यावर दोष सिमेंटचा नसून कणांचा आहे, हे मान्य झाले. पोखरण पुष्कळदा वेदनेशिवाय चालते. रुग्ण लंगडू लागेपर्यंत हाडाचा मोठा भाग गेलेला असतो आणि दुसरे रोपण बसविण्यास आधारच उरत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसरी अवघड असते ती मुख्यत्वे यामुळे.

झीज वाढण्यास निर्जंतुकीकरणाची पद्धतही कारणीभूत ठरली. हवाबंद न केलेल्या वेष्टनात गॅमा किरणांचा मारा केल्यास पॉलिएथिलिनात मुक्त मूलके निर्माण होतात. हवेतील ऑक्सिजनाशी त्यांची विक्रिया होऊन प्लॅस्टिक ठिसूळ बनते. वेष्टनात काही वर्षे पडून राहिलेला भाग शरीरात जाण्यापूर्वीच निकृष्ट झालेला असे. सुमारे १९९५ पासून निष्क्रिय वायूत वा निर्वातात वेष्टन करण्याची रीत रूढ झाली. त्यानंतर अधिक मात्रेच्या किरणांनी रेणुसाखळ्या परस्परांना जोडून मग उष्णतेने मुक्त मूलके नाहीशी केलेले पॉलिएथिलीन १९९८ च्या सुमारास वापरात आले. त्याची झीज खुब्यात पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी असल्याचे दीर्घकालीन निरीक्षणांत आढळले आहे.

गुडघा : गुडघ्यात गोळा व खोबण असा जुळणारा मेळ नसल्याने भार लहानशा भागावर एकवटतो. तेथे बारीक कणांबरोबरच द्रव्यशिणामुळे प्लॅस्टिकचे पापुद्रे सुटतात व खड्डे पडतात. तबकडी फार पातळ असल्यास हे लवकर होते. मांडी घालून किंवा उकिडवे बसताना गुडघा एवढा दुमडतो, की स्पर्शबिंदू तबकडीच्या मागील कडेवर जातो. पाश्चात्त्य देशांत बनलेल्या आरंभीच्या रचनांत या सवयींचा विचार नव्हता. पुण्याचे के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या शरीराची ठेवण व बैठकीच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला.

धातूवर धातू : प्लॅस्टिकच टाळावे, या हेतूने कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा गोळा त्याच मिश्रधातूच्या खोबणीत फिरविण्याची जुनी कल्पना १९९० नंतर पुन्हा पुढे आली. घनफळाच्या हिशेबाने झीज थोडी असली, तरी कण नॅनोमीटर आकाराचे व संख्येने अधिक असतात आणि त्यांतून कोबाल्ट व क्रोमियम आयन रक्तात मिसळतात. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीच्या एएसआर या खुब्यात हा धोका प्रकर्षाने दिसून आला. त्याची खोबण अर्धगोलापेक्षा बरीच उथळ होती. बसविताना तिचा कोन किंचित चुकला, तरी भार कडेवर येई, वंगणाचा थर तुटे आणि झीज झपाट्याने वाढे. यंत्रावरील चाचण्यांत खोबण आदर्श कोनात असे. शस्त्रक्रियागृहात ती नेहमी तशी बसत नाही. कणांमुळे सांध्याभोवतीची ऊतके मृत होणे, द्रव साचून अर्बुदासारखी गाठ होणे आणि क्वचित हृदय, श्रवण व दृष्टी यांवर कोबाल्टचा विषारी परिणाम होणे, असे विकार आढळले.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ मध्ये ही रोपणे बाजारातून काढून घेण्यात आली. पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीतून स्पष्ट झाल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने ती जगभरातून परत मागविली. तोवर जगात सुमारे ९३,००० रोपणे विकली गेली होती. भारतात ही रोपणे आयात होत होती. मुंबईतील रुग्णांच्या तक्रारींनंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी केली व पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ञ समितीला देशात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले; त्यांपैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागला नाही. शासनाने २०१८ मध्ये ठरविलेल्या सूत्रानुसार भरपाई ३० लक्ष ते सुमारे १ कोटी २३ लक्ष रुपये होती. कंपनीने ती दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केली.

मृत्तिका पदार्थ : ॲल्युमिना व तत्सम पदार्थांची झीज सर्वांत कमी असते. त्यांचा दोष ठिसूळपणा हा होय. झिर्कोनियाच्या काही गोळ्यांच्या भट्टीप्रक्रियेत बदल झाल्याने ते शरीरात फुटू लागले व २००१ मध्ये परत मागवावे लागले. मृत्तिकेवर मृत्तिका असलेल्या काही सांध्यांतून चालताना किरकिर आवाज येतो.

नोंदवही : झीज व अपयश यांचे ज्ञान तीन मार्गांनी मिळते : अनुकारी यंत्रे, काढलेल्या रोपणांची तपासणी आणि रुग्णांची नोंदवही. पहिल्या दोहोंतून कारण कळते. कोणते रोपण किती प्रमाणात निकामी होत आहे, हे केवळ तिसऱ्यातून कळते. स्वीडनमध्ये गुडघ्यांची नोंद १९७५ पासून व खुब्यांची १९७९ पासून ठेवली जात आहे; लोकसंख्येने लहान असूनही त्या देशाच्या आकडेवारीला जगात मान आहे. भारतात अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने सुरू केलेली नोंदवही ऐच्छिक राहिली. वैद्यकीय साधनांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेण्याचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि वैद्यकीय साधन नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. तथापि मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी परतलेल्या रुग्णाचा पत्ता पंधरा वर्षांनी शोधायचा, तर रुग्णालयाच्या दप्तराखेरीज फारसा आधार नसतो. रोपणाच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, नमुना व गटक्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती सहसा शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत डकवितात. तिची प्रत रुग्णापाशी असल्यास रोपण परत मागविले गेले आहे का, हे कोणत्याही गावातील डॉक्टरला पडताळून पाहता येते.