आधी कृपा, मग आज्ञा : ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना वाद

‘जुना करार म्हणजे नियमशास्त्र आणि नवा करार म्हणजे कृपा’ असे एक सुटसुटीत समीकरण ख्रिस्ती धर्माविषयी बोलताना सर्रास मांडले जाते. जुन्या करारातील देव कठोर न्यायाधीश आणि नव्या करारातील देव क्षमाशील पिता, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. बायबलचा क्रम मात्र या समीकरणाला साथ देत नाही. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात. पण पहिल्या आज्ञेच्या आधी देव आपली ओळख करून देतो, ती मिसरच्या दास्यातून लोकांना बाहेर काढणारा म्हणून. गुलामांनी आज्ञा पाळल्या म्हणून त्यांची सुटका झाली नव्हती. सुटका आधी झाली आणि सुटलेल्यांना आज्ञा मिळाल्या.

या आज्ञा ज्या नियमशास्त्रात येतात, त्याला यहूदी परंपरा ‘तोरा’ म्हणते. या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘कायदा’ नव्हे, तर ‘शिकवण’. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘नोमोस’ हा कायदेवाचक शब्द योजला आणि पुढे युरोपच्या भाषांत तोच अर्थ रुजला. गोव्यातील कॅथलिक समाज कोकणीत दहा आज्ञांना ‘धा उपदेस’ म्हणतो. हा शब्द ग्रीक शब्दापेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रथम छापल्या गेलेल्या, मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’तही पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे येशूच्या चरित्राचे आहे. पहिले वगळून दुसरे सांगावे, असे त्यांना वाटले नाही.

मग नियमशास्त्र आणि कृपा यांत वाद उभा राहिला कुठे? तो उभा राहिला जेवणाच्या पंगतीत.

येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहूदी होते. सीरियातील अंत्युखिया नगरात मात्र यहूदीतर लोकही मोठ्या संख्येने या नव्या मंडळीत आले. त्यांची सुंता झालेली नव्हती आणि खाण्यापिण्याचे यहूदी निर्बंध ते पाळत नव्हते. पेत्र तेथे आला तेव्हा तो त्यांच्यासोबत जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र त्या पंगतीतून हळूच मागे सरला. पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राची कानउघाडणी केली. ही हकिकत पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे. पंक्तिभेदाचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्यातील दंश समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला देवाने स्वीकारले, त्याला माणसांनी पंगतीत घेण्यासाठी आणखी अट घालावी काय, हा खरा प्रश्न होता.

याच प्रश्नावर सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमात प्रेषितांची सभा झाली. यहूदीतरांवर सुंतेची सक्ती नको, असा निर्णय तिने दिला. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेले प्राणी आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे, एवढेच सांगितले गेले. नियम सगळे गेले नाहीत. प्रवेशाची अट तेवढी गेली.

पौल नियमशास्त्राचा द्वेष्टा नव्हता. तो परूशी पंथाचा, गमलियेलासारख्या गुरूच्या हाताखाली शिकलेला. नियम पाळून मनुष्य नीतिमान ठरत असेल, तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले, असा त्याचा युक्तिवाद होता. नियमशास्त्राचे काम समजावताना त्याने एक घरगुती दाखला दिला. त्या काळच्या श्रीमंत घरांत मुलाला शाळेत पोहोचवणारा, वाटेत त्याला शिस्त लावणारा एक दास असे. मराठी बायबलात त्यासाठी ‘बालरक्षक’ असा शब्द येतो. हा दास शिक्षक नसतो, बापही नसतो. मूल मोठे झाले की त्याचा अधिकार संपतो, पण त्याने दाखवलेली वाट खोटी ठरत नाही.

कृपा जर फुकट मिळते, तर मनसोक्त पाप करावे काय? हा आक्षेप पौलाच्या हयातीतच निघाला होता आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने तो ठामपणे फेटाळला. याकोबाचे पत्र कृतीवाचूनच्या विश्वासाला मृत म्हणते. पौल आणि याकोब यांची यावरून झुंज लावली जाते, ती मात्र अनाठायी आहे. घरात प्रवेश कशाने मिळतो, हे पौल सांगतो. आत आलेला माणूस कशावरून ओळखावा, हे याकोब सांगतो.

पाचव्या शतकारंभी हा वाद नव्या रूपात पेटला. पेलागिअस हा ब्रिटनमधून रोममध्ये आलेला कडक आचाराचा साधक. सारे काही कृपेवर सोपवले तर माणसाला आळसाची सबब मिळेल, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांचे उत्तर असे की, आज्ञा कळल्याने ती पाळण्याचे बळ येत नाही. इच्छाशक्तीच आजारी आहे आणि तिला बरे करणे हेच कृपेचे काम. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागिअसची मते अमान्य केली. रामानुजांच्या अनुयायांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा जो भेद पडला, त्याची येथे आठवण होते : पिलाने आईला घट्ट धरावे, की आईनेच पिलाला उचलावे?

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी हाच धागा ताणला आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभा दुभंगली. नियमशास्त्राचा उपदेशच नको, असे जेव्हा त्यांचेच सहकारी आग्रिकोला म्हणू लागले, तेव्हा ल्यूथर त्यांच्यावर तुटून पडले, हे कमी सांगितले जाते. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनेही १५४७ मध्ये, कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कृत्यांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो, हे मत पहिल्याच कलमात नाकारले. दोन्ही बाजूंना हे मान्य होते, तरी कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींना संयुक्त घोषणापत्रावर सह्या करायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावा लागला. हा समारंभ जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे झाला.

ग्रंथांतला हा क्रम गोव्यातील चर्चमध्ये आजही दिसतो. कोकणीत कृपेला ‘कुर्पा’ म्हणतात आणि पापकबुलीच्या संस्काराला ‘कुमसार’. कुमसाराला जाण्यापूर्वी भाविक दहा आज्ञांच्या उजेडात आपले वर्तन तपासतो. प्राचीन काळी गंभीर पाप करणाऱ्याला आधी जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे, कधी कधी वर्षानुवर्षे, आणि त्यानंतरच बिशप त्याला मंडळीत पुन्हा घेत. आज धर्मगुरू कबुली ऐकतो, प्रायश्चित्त नेमून देतो आणि तिथल्या तिथे क्षमेचे शब्द उच्चारतो. नेमून दिलेल्या प्रार्थना भाविक म्हणतो त्या सहसा त्यानंतर, क्षमा मिळालेला माणूस म्हणून.