डिफॉल्ट म्हणजे नेमकं काय?

आज एकाच शब्दाविषयी बोलू या. फोनमध्ये डिफॉल्ट सेटिंग असतं, क्रेडिट कार्ड कंपनी डिफॉल्ट नोटीस पाठवते, कोर्टात डिफॉल्ट जजमेंट होतं. शब्द एक आणि जागा तीन. मग याचा अर्थ तरी काय?

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ उणीव, कमी पडणं. म्हणजे जे करायला हवं होतं ते झालं नाही. पैसे भरले नाहीत, उत्तर दिलं नाही किंवा पर्याय निवडला नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत तर पुढे काय होणार, हे मात्र कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आधी पैशाचं बघू. आपल्या मराठीत गंमत आहे. 'हप्ता चुकला' म्हणजे भरायचा राहिला आणि 'कर्ज चुकतं केलं' म्हणजे पूर्ण फेडलं! इथे ब्रिटनमध्ये कार्डाचा एक हप्ता राहिला म्हणून लगेच डिफॉल्ट होत नाही, ती नुसती थकबाकी. सहसा काही महिने थकले की १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टखाली डिफॉल्ट नोटीस येते. थकलेली रक्कम भरायला त्यात किमान १४ दिवस द्यावेच लागतात. तेवढ्यात भरलीत तर विषय मिटला. नाही तर क्रेडिट फाइलवर डिफॉल्टची नोंद होते आणि ती सहा वर्षं राहते. देशांचंही असंच. मे २०२२ मध्ये श्रीलंकेला रोख्यांचं व्याज वाढीव मुदतीतही भरता आलं नाही, तेव्हा ते डिफॉल्ट ठरलं.

आता कोर्ट. इथलं डिफॉल्ट जजमेंट म्हणजे आपल्याकडचा एकतर्फी निकाल. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुणी पैशांसाठी दावा लावला, तर उत्तराला १४ दिवस मिळतात. 'दावा मिळाला' एवढं जरी कळवलंत तरी २८ होतात. काहीच कळवलं नाहीत, तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो. यालाच लोक सीसीजे म्हणतात.

आपल्या मंडळींनी इथे जास्त सावध राहायला हवं, कारण आपण घरं फार बदलतो. समजा प्रोजेक्ट संपला आणि तुम्ही रेडिंगहून लीड्सला गेलात. गाडीच्या लॉगबुकवर पत्ता जुनाच राहिला. खासगी पार्किंगची पावती, मग दावा, मग निकाल, सगळं जुन्या घरी पोचतं. तुम्हाला कळतं ते मॉर्गेज नाकारलं जातं तेव्हा! असं झालं तर घाबरून गप्प बसू नका. निकालापासून महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढून टाकता येते. मुदत उलटली असेल आणि कागद मिळालेच नसतील, तर निकाल रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो कळल्याबरोबर करावा. सिटिझन्स ॲडव्हाइसकडे मोफत सल्ला मिळतो.

आमच्या आयटीत मात्र डिफॉल्ट म्हणजे कसूर नव्हे, सोय. तुम्ही काही निवडलं नाहीत तर यंत्र जे धरून चालतं ते. पण सोय कुणाची, हे विचारायला हवं. सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड ही बनवणाऱ्याची सोय आणि चोराचीही. म्हणून एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नव्या स्मार्ट उपकरणांवर असा पासवर्ड देण्यास बंदी आहे.

डिफॉल्ट आपल्या फायद्याचंही असू शकतं. २०१२ पासून नोकरदारांना पेन्शन योजनेत आपोआप घेतलं जाऊ लागलं. नको असेल तर नकार तुम्ही कळवायचा. आज पात्र पगाराच्या किमान ८ टक्के रक्कम त्यात जाते, त्यातली किमान ३ टक्के मालकाची. मात्र हे पैसे कुठे गुंतवायचे ते तुम्ही सांगितलं नाहीत, तर ते डिफॉल्ट फंडात जातात.

तेव्हा या शनिवारी तीन कामं करा. लायसन्स आणि लॉगबुक, दोन्हीवरचा पत्ता तपासा. क्रेडिट फाइल मोफत मागवून बघा. आणि तुमचं पेन्शन कुठल्या फंडात आहे ते शोधा. तो फंड आवडला तर खुशाल ठेवा, पण बघून ठेवा.